उसना पंप

करडी गावात आमच्या शेताला पाण्याच्या दोन मोटारी आहेत, एक विहिरीवर आणि एक बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर. परवा शेजाऱ्याच्या मोटारीचा कंडेन्सर जळला, तर मोठ्या भावाने बोडीवरच्या मोटारीचा काढून त्याला देऊन टाकला. मी बांधावरूनच त्याच्यावर ओरडलो.

"काहून बोंबलून राहिला रे?" भाऊ म्हणाला. "आपली मोटार आज बंदच आहे. सांजच्याले वापस देते तो."

अगदी हेच मी समुद्रावर ऐकलं होतं. किनारा राखणाऱ्या दलात मी इंजिन मेकॅनिक होतो. आमच्या ठाण्याला दोन गस्ती बोटी. एकीचा इंजिन थंड ठेवणारा पंप गेला. नवा मागवला, तो काही येईना. साहेब म्हणाले, दुसरीचा काढून हिला बसव, संध्याकाळी परत लाव. मी बसवला. रजिस्टरमध्ये दोन्ही बोटी तयार.

दुपारी वायरलेसवर मच्छीमारांची हाक आली, होडीत पाणी शिरलंय. गस्तीवरची बोट पार दुसऱ्या टोकाला होती. जवळची धक्क्याला बांधलेली, धुऊनपुसून लख्ख, आणि मी तिच्यावर हातात पाना घेऊन उभा. ती हाक मी शेवटपर्यंत ऐकली. मग नुसती खरखर.

भावाला मी हे कधी सांगितलं नाही. समुद्राने माझं डोकं फिरवलं, असं तो गावभर सांगतो.

संध्याकाळी शेजारी कंडेन्सर घेऊन हसत आला. "घ्या, आणला ना वापस?"

तो पंपही संध्याकाळी परत आला होता.