मांडीवरचं खापर

पिंपळनेरहून मुक्ताईनगरला निघालो तेव्हा भाड्याच्या जीपमध्ये मी, आई, ड्रायव्हर आणि आईच्या मांडीवर खापर. चुलीवर उपडं घालून ज्यावर पुरणाचे मांडे भाजतात, ते मातीचं भांडं. संध्याकाळी माझ्या बहिणीकडे तिच्या लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार होती. "मांडे मी करणार, माझ्याच खापरावर," असा शब्द आईने तिला फोनवर देऊन टाकला होता.

"तिकडे खापरं मिळत नाहीत का गं?" मी विचारलं. तिने असं काही पाहिलं की मी पटकन गाडीत जाऊन बसले.

मे महिना, त्यात रस्त्याचं काम चाललेलं. खड्डा आला की आई खापर दोन्ही हातांनी अधांतरी धरायची. ड्रायव्हरला दया आली. "माय, मांगे गादीवर ठेवा ना."

"मना खापरले हात नको लावू! तू खड्डा देख!"

मग तो बिचारा खड्डा दिसला की आधीच ओरडायला लागला, "माय, उचला!" पारोळ्यापर्यंत मला हसण्याची उबळच आली. आई चिडली, मग तीही खदखदायला लागली. एरंडोलजवळ टायर बसलं. दीड तास बाभळीखाली, खापर मांडीवरच. चहावाल्याला वाटलं, आम्ही ते विकायलाच बसलोय. म्हणाला, "विकानं शे का?" बाई गं! हसून हसून मी मातीतच बसकण मारली.

जळगावात ट्रकांच्या रांगेत दोन तास गेले. पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती, पाहुणे येऊन बसले होते. खापर चुलीवर चढलं, साधा तडाही नाही! आईने पुरण भरलेली लाटी हातांवर घेतली. मांडा कोपरापर्यंत झेलत मोठा करायचा असतो. तिचे हात वरच होईनात. दिवसभर खापर उचलून उचलून नुसते थरथरत होते.

"देखी काय राहिनी? घे!" ती माझ्यावर खेकसली.

मी? मी आजवर मांडे फक्त खाल्ले होते! पहिला फाटला, पुरण कोपरावरून ओघळलं. दुसरा चुलीत. आई कानाशी पुटपुटत होती, "फिरव, घाबरू नको, फिरव." तिसरा अख्खा खापरावर पडला आणि मी आनंदाने किंचाळलेच.

जेवताना व्याही म्हणाले, "मांडे झकास! कुणाच्या हातचे?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. तिने मान वर केली.

"मन्ही पोरना," ती माझ्याकडे बघत म्हणाली.