अळणी पेज

पंप यायच्या आधीची गोष्ट. आचऱ्याला नदीकाठी माझा मिरचीचा मळा होता आणि त्याच्या खालच्या अंगाला माझ्या एका शेजारणीचा. उन्हाळ्यात वरची माणसं पाट मोकळे सोडत, नदीची धार बारीक होई आणि भरतीचं खारं पाणी आमच्या मळ्यांपर्यंत चढे. शिमग्यानंतर मिरची करपायची, हे ठरलेलंच.

एका वर्षी ती हटूनच बसली. रोज काठाने फिरायची आणि भरल्या वाफ्यात पाट वाहताना दिसला, की पायाने माती सारून तो बंद करायची.

"मिरसांगेक आंघोळ घालतंस काय गो? मुळाक दी, पुरे!" मलाही तिने सोडलं नाही.

नदीवर हक्क सांगते म्हणून वरचा एक शेतकरी भडकला. "न्हंय तुझ्या बापाशीची काय गो?"

"तुझ्या बापाशीची आसा, मगे खारी कित्याक करतस?"

तिचं आगाऊपण मला खटकायचं. तरी मी पाट आवरला. हळूहळू सगळ्यांनीच आवरला.

वैशाखातही मिरची हिरवीगार होती. एका सकाळी ती वाटी घेऊन माझ्या दारात आली. ही बाई पेज नदीच्या पाण्यात शिजवायची, त्यामुळे उन्हाळ्यात तिला वर मीठ लागतच नसे.

"वायच मीठ दी गो," ती वाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "औंदा माझी पेज अळणी झाली!"