मग मार्लिस भेटली

माझा नवरा लाइल हिंट्झ चौऱ्याहत्तर साली रोझबर्गच्या हायस्कुलातून बाहेर पडला, असं त्याच्या दाखल्यावर लिहिलेलं आहे. माझ्या मते तो अजून आतच आहे. शाळेचं निळं जॅकेट आमच्या बैठकीच्या खोलीत खुंटीला टांगलेलं असतं आणि ते धुवायचं नाही असा नियम आहे, कारण त्याच्या बाहीवर कुठल्याशा सामन्यातली माती आहे. घरातली बाकी सगळी माती मी झाडायची.

दर पाच वर्षांनी त्यांच्या वर्गाचं संमेलन भरतं. तळ्याकाठच्या सपर क्लबात, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या धाटणीच्या खानावळीत, तेही शुक्रवारी, म्हणजे तळलेला मासा आणि ब्रँडी आलीच. वर्गातल्यांच्या छातीवर बिल्ला आणि बिल्ल्यावर शाळेतला फोटो. सोबत आलेल्या नवऱ्याबायकांना फोटो नाही, नुसतं नाव आणि खाली कोण कोणाचं ते. माझ्या बिल्ल्यावर ‘लाइलची बायको’. मी शेजारच्या गावच्या शाळेतली. आमच्याही वर्गाचं संमेलन होतं, पण तिथे लाइलला कंटाळा येतो, म्हणून आम्ही जात नाही.

जेवणाआधी एकेकाने माइकवर येऊन शाळा सुटल्यापासून आपण काय काय केलं ते सांगायचं असतं. थोडंफार खोटं सगळेच बोलतात. कोणाचा पोरगा डॉक्टर होतो, कोणाचा घटस्फोट गाळला जातो. लाइलचं भाषण मात्र मला पाठ आहे. बेसबॉलमध्ये त्याचा हात कसा चालायचा, मॅडिसनच्या विद्यापीठाने शिष्यवृत्ती कशी देऊ केली, बॅग भरून दाराशी कशी ठेवली होती. इथे तो थांबतो, ब्रँडीचा घोट घेतो, माझ्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, “मग मार्लिस भेटली.” हॉल हसतो. मीही हसते, कारण नाही हसले तर आंबट तोंडाची मीच ठरते.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, ते अंगण म्हणजे मी.

खरं काय घडलं ते त्याने मला लग्नाआधी सांगितलं होतं. बर्फात गाडी अडकली होती आणि हा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता. मॅडिसनला तो गेला होता. आठवड्याच्या आत परत आला. खोलीतली मुलं चिडवायची, झोप लागायची नाही, आईची आठवण यायची. मी त्याच्या आयुष्यात उगवले ती यानंतर, बोलिंगच्या हॉलमध्ये, तेव्हा तो पेंडीच्या गिरणीत पोती उचलत होता. कोणाला सांगू नकोस म्हणाला. मला दया आली. दयेपोटी लग्न करायला हरकत नाही, पण ती जुन्या गाडीच्या बॅटरीसारखी असते, पहिल्या कडक थंडीत बसते.

पुढे गिरणी बंद पडली आणि लाइल सरकारी गाडीवर रस्त्यातलं बर्फ ढकलू लागला. काम चांगलं होतं, पण भाषणात ते कधी आलं नाही. मधुचंद्राहून त्याने मला ठरल्याआधीच परत आणलं, उशी बरोबर नव्हती म्हणे. मुलीच्या लग्नाला अ‍ॅरिझोनात गेलो, तर केक कापून होतो न होतो तोच हा विमानाची वेळ बघत होता. इकडे शाळेच्या मैदानाशी मात्र कुंपणाला रेलून कोचला ओरडून शिकवणार. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. मी चीजच्या कारखान्यात गार पाण्यात हात घालून दोन मुली वाढवल्या. त्या कष्टांचं भाषण करायला मला कोणी माइक दिला नाही.

यंदा शाळा सुटल्याचं पन्नासावं वर्ष. सकाळी त्याच्या शर्टाला इस्त्री करताना मी सांगून टाकलं, की ते वाक्य पुन्हा म्हणालास तर मी उठेन आणि खरं सांगेन. तो “बरं, बरं,” म्हणाला, रेडिओवरच्या हवामानाला म्हणतो तसं. मी थट्टा करत नव्हते. पुढच्या खेपेला यातले किती जण उरतील देव जाणे. लाइलचं नशीब मार्लिसने बुडवलं, हे मनात धरून ही माणसं थडग्यात जाणार, आणि ते मला सोसवत नव्हतं.

संध्याकाळी तो उभा राहिला. हात, शिष्यवृत्ती, बॅग. घोट घेतला. माझ्याकडे बघितलं, क्षणभर बोट खालीच ठेवलं. मग हॉल वाट बघतोय हे त्याला दिसलं आणि बोट वर आलं.

“मग मार्लिस भेटली.”

हसू ओसरायच्या आत मी त्याच्या हातातून माइक घेतला. बिल्ल्यावर फोटो नसलेल्या बाईच्या हातात तो पहिल्यांदाच गेला असावा. मी म्हटलं, हा मॅडिसनला गेला होता आणि आईच्या आठवणीने आठवड्यात परत आला, तेव्हा मी याला ओळखतही नव्हते. एवढंच. आवाज कापला नाही, याचं मला समाधान वाटलं.

कोणी दचकलं नाही. लोक खाली रिकाम्या ताटांकडे बघत होते. कमिटीची रुथ अ‍ॅन दर वेळी बिल्ले करते. ती हळूच म्हणाली, “माहीत आहे गं आम्हाला.”

“काय माहीत आहे?”

“माझ्या बाबांनीच आणलं त्याला, दुधाच्या ट्रकातून. पलीकडच्या गावात बसमधून उतरून चालत येत होता, कोणी बघू नये म्हणून. त्याच दिवशी गावभर झालं होतं.”

लाइल खुर्चीत बसला. हे त्याला आत्ताच कळत होतं. त्याची कीव करायला माझ्याकडे वेळ नव्हता.

“मग पन्नास वर्षं हसत कशाला होतात?”

“त्याला बरं वाटायचं.”

“आणि मला?”

रुथ अ‍ॅनने रुमालाची घडी केली, उलगडली. “तू कधी काही बोलली नाहीस, मार्लिस. आम्हाला वाटलं, तुला चालतंय.”

चांगली माणसं आहेत ही. बर्फात कोणाची गाडी अडकली तर न बोलावता फावडी घेऊन येतात. तोंडावर वाईट बोलणं यांच्या रक्तात नाही, म्हणून सगळं ठाऊक असूनही ती गोड हसतात. लाइल निदान मूर्ख तरी होता. यांनी माझं हसं केलं ते पुरतं समजून उमजून, एका रडक्या पोराला बरं वाटावं म्हणून. मला इतका राग लाइलचा कधी आला नव्हता.

मी पर्स उचलली. तिच्यातच गाडीची किल्ली होती, कारण ब्रँडी झाल्यावर गाडी मीच चालवते. लाइल माझ्यामागे उठायला लागला.

“तू बस,” मी म्हटलं. माइक अजून चालूच होता. “याला बरं वाटावं म्हणून पन्नास वर्षं झटलात ना सगळे, आता याला घरीही पोचवा.”