काय वाहिलं? नारळ?

चाळिशी उलटल्यावर मी डच शिकायला लागले, तेव्हा बिबवेवाडीतल्या आमच्या घरात सगळे हसले. 'हौस आहे, फिटेल,' धाकटा भाऊ म्हणाला. आई गेल्यापासून त्याचं घर मीच सांभाळत होते. पाहुण्यांसमोर त्याचं एक ठरलेलं वाक्य असे, 'ताईनं स्वतःला या घराला वाहून घेतलंय.' मीही मान खाली घालून हसायचे. आता त्या हसण्याची चीड येते.

क्लासमध्ये एकदा 'वेइडन' हे क्रियापद आलं. म्हणजे वाहणे, अर्पण करणे. नवं चर्च देवाला वाहतात, तिथेही हेच. घरातल्या कुणावर तरी वाक्य करा, असं बाईंनी सांगितलं. मी भावाचंच वाक्य डचमध्ये लिहिलं, पण त्यातलं 'झिख', म्हणजे 'स्वतःला', लिहायचं राहिलं.

बाईंनी वही वाचली. 'बहिणीने घराला वाहिलं. काय वाहिलं? नारळ?'

वर्ग हसला. 'झिख' नसेल तर वाहणारा एक आणि वाहिला जाणारा दुसरा, असं बाई समजावत होत्या, आणि मला माझं घर दिसत होतं. मला कधी कुणी विचारलं होतं? व्याकरण चुकलं होतं, पण त्यात 'स्वतःला' नव्हतं, तेवढं खरं होतं.

परीक्षा रविवारी होती. त्याच दिवशी भावाने मार्केट यार्डातल्या नव्या गाळ्याची पूजा ठरवली आणि घरी चाळीस माणसांचं जेवण. स्वयंपाक मी करणार हे मला कुणी सांगितलंही नाही, गृहीतच धरलं.

'मी परीक्षेला जाणार. आचारी बघ,' मी सांगितलं.

'या वयात परीक्षा? लोक काय म्हणतील?'

'पास झाली म्हणतील.'

आणि गेले. पेपर बरा गेला. परतले तेव्हा शेवटची पंगत बसायची होती. सगळ्यांदेखत भाऊ म्हणाला, 'ताईनं घराला वाहून घेतलंय म्हणून मिरवत होतो मी. नाक कापलंस.'

'मी नव्हतं घेतलं. तुम्ही मला वाहिलं होतंत,' मी म्हणाले. 'आणि वाहिलेल्या फुलाचं दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतं. माझं नाही व्हायचं.'

मला कडकडून भूक लागली होती. मी ताट घेतलं आणि माझ्या हाताने वाढून घेतलं.