शाळेच्या भिंतीवरचं आमच्या वस्तीचं वाक्य

आमचं गाव राधानगरीच्या वरच्या अंगाला आहे. कोल्हापुरातून सुटलेली एस.टी. ऊस दिसतोय तोवर सरळ धावते, मग धरणाच्या पाण्याकडेनं वळणं घ्यायला लागते, आणि झाडी दाट झाली की आमचा थांबा येतो. वर सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार. खाली भाताची खाचरं. पावसाळ्यात समोरचा डोंगर आठ-आठ दिवस दिसत नाही. भात पोटरीला आलं की गवे खाचरात उतरतात आणि माणसं पत्र्याचे डबे बडवत त्यांना परतवतात. हे सगळं मी जन्मापासून बघत होते. पण त्याला भूगोल म्हणतात, हे मला चौथीत गुरुजींनी सांगितलं. आज मी कोल्हापुरात एका महाविद्यालयात भूगोलच शिकवते.

माझ्याआधी आमच्या घरात दहावीपर्यंतसुद्धा कुणी पोचलं नव्हतं. शिष्यवृत्तीचा अर्ज गुरुजींनी भरला. वसतिगृहाच्या रांगेत माझ्यासाठी दिवसभर तेच उभे राहिले. त्यांच्याविषयी बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो. अजूनही येतो, म्हणून हे लिहायला मला जड जातं आहे.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. ते निवृत्त झालेत, पण शाळेच्या समितीत त्यांचा शब्द चालतो. म्हणाले, "पोरी, जंगल बघायला जाणारे पावणं शाळेसमोरच गाड्या थांबवतात. दर्शनी भिंतीवर गावाचा परिचय रंगवायचं ठरलंय. सडा, देऊळ, धरण, आपली शाळा, समदं आलं पाहिजे. तुझ्याशिवाय कोण लिहिणार?"

मी पंधरा दिवस लिहीत होते. भाद्रपदात सड्यावर येणारी फुलं लिहिली, देवळाच्या लाकडी खांबांवरची नक्षी लिहिली. शाळेच्या परिच्छेदाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आता शाळेला स्लॅब आहे. मी शिकले ती शाळा मातीच्या भिंतींची आणि कौलांची होती. आमच्याकडचा पाऊस आडवा येतो. उघडी मातीची भिंत एका पावसाळ्यात वाहून जाईल. म्हणून दरवर्षी पावसाआधी कारवीच्या काठ्यांना गवत बांधून त्याचे तट्टे करायचे आणि ते शाळेच्या चारी बाजूंनी उभे करायचे. दिवाळीनंतर ते उतरवायचे. हे काम आमच्या बौद्ध वस्तीकडे होतं. कुणी ठरवून दिलं ते ठाऊक नाही, पण वैशाख आला की निरोप यायचा आणि वस्तीतली माणसं विळे घेऊन निघायची. मजुरी नव्हती. माझी आई लग्न होऊन आल्यापासून भिंती पक्क्या होईपर्यंत दरवर्षी गेली. गवत कापून तिच्या बोटांना पडलेले चरे अजून दिसतात.

मी एवढंच लिहिलं: "या शाळेच्या मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध वस्तीतल्या स्त्री-पुरुषांनी गवताचे तट्टे बांधून पावसापासून राखल्या." त्या माणसांना चहा वेगळ्या कपांतून मिळायचा, ते मी लिहिलं नाही. परिचय गोड असावा असं मलाही वाटत होतं.

मजकूर गुरुजींना पाठवला आणि रविवारी गावी जाऊन आईला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. ते वाक्य तिनं तीनदा वाचायला लावलं.

"ह्ये खरंच भित्तीवर लिवणार?"

"व्हय की."

"रंगानं? पावसात जाणार न्हाय न्हवं?"

"ऑइलपेंट असतोय आई. न्हाय जात."

त्या संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला कळलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी आई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून आली. मला कोल्हापुरातून पोचायला थोडा उशीर झाला. शाळेपुढं मांडव घातला होता. पेंटर अजून खालच्या कडेला माझं नाव रंगवत होता, कारण नावापुढं पदवी लिहायची की नाही यावर सकाळपर्यंत चर्चा चालली होती. आई भिंतीसमोर उभी होती आणि गुरुजी तिच्या शेजारी.

"गुर्जी, आमचं कंच्या जाग्याला हाय?" आईनं विचारलं.

गुरुजींनी बोट ठेवलं. अक्षराखाली बोट सरकवत, सावकाश, वर्गात वाचायचे तसं वाचलं, "या शाळेच्या मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध वस्तीतल्या स्त्री-पुरुषांनी…"

आईनं पदर सावरला आणि त्या ओळीवरून हात फिरवला.

मी मागून आले होते. मला ओळ दिसत होती. भिंतीवर लिहिलं होतं: "ग्रामस्थांनी श्रमदानातून शाळेची इमारत जतन केली."

माझं वाक्य गुरुजींना पाठ होतं. जे भिंतीवर नव्हतं ते त्यांनी तिला भिंतीवरून वाचून दाखवलं.

ते वळले आणि मी दिसले. मला बाजूला घेत हळू म्हणाले, "समितीत दोघं-तिघं अडून बसले. वस्तीचं वेगळं नाव कशाला, गावात उगाच वाद. मी म्हटलं, बदला. ती आपली पोरगी आहे, ती काही म्हणायची नाही."

मला फोन करून विचारलं असतं तर मी बहुधा हो म्हटलं असतं. गुरुजींना मी आजवर कधी नाही म्हटलेलं नव्हतं, आणि ते त्यांनी आधीच गृहीत धरलं होतं. वसतिगृहाच्या रांगेतला तो दिवस मी आयुष्यभर जपला. त्यांनी तो असा वापरला, असं मला त्या वेळी वाटलं. आजही वाटतं.

आई अजून त्या ओळीजवळच होती. मी तिच्याकडं गेले. "आई, तिथं तसं लिहिलेलं न्हाय."

"म्हंजी? गुर्जींनी आत्ताच वाचलं की."

मी भिंतीवरचं वाक्य वाचलं. तिनं ऐकून घेतलं.

"ग्रामस्थ म्हंजी कोण?"

"समदीच की अक्का," गुरुजी घाईनं म्हणाले. "त्यात तुमीबी आलाच."

"व्हय? मग तट्टं बांधायला समदी का न्हाय आली, गुर्जी?"

मांडवातली एक-दोन माणसं हसली आणि लगेच दुसरीकडं बघू लागली. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आईनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती वस्तीच्या वाटेला लागली.

माईकवरून सत्कारासाठी माझं नाव पुकारलं जात होतं. मी पेंटरकडं गेले. रंग ओला होता.

"दादा, हे नाव पुसा."

"का ओ ताई? चुकलंय काय? पदवी नको काय?"

"नावच नको."

त्यानं गुरुजींकडं बघितलं. गुरुजी म्हणाले, "अगं, असं करू नको. चार माणसांत बरं दिसत नाही. मग लिहिलं कुणी म्हणून सांगायचं पावण्यांना?"

"ग्रामस्थांनी," मी म्हटलं.

पेंटरनं रॉकेलमध्ये फडकं बुडवलं. पहिल्या हातात नाव पसरून निळा डाग झाला, दुसऱ्या हातात तो फिकट झाला. पुरता निघेपर्यंत मी तिथंच उभी राहिले. मग गुरुजींच्या पाया न पडता, उन्हात लांब गेलेल्या आईला गाठायला निघाले.