भुशाचा ताईत

दक्षिण इटलीतल्या लुकानिया प्रांतात एका डोंगरी गावात मूल जन्मलं, की बाप्तिस्म्याआधीच त्याच्या अंगावर ताईत चढायचा आणि तो गेरार्दा नावाच्या बाईनेच शिवलेला लागायचा. बोटाच्या पेराएवढी लाल कापडाची पिशवी. आत मीठ, सतापाची डहाळी, गव्हाचे तीन दाणे आणि ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेलं ऑलिव्हचं पान. भरताना ती दार लावून घ्यायची. बाळाच्या आईनेही बघायचं नाही, अशी रीत होती.

तिचं स्वतःचं पोर उशिरा झालेलं, एकुलतं. सव्वा वर्षाचं होऊन तापाने गेलं. त्याच्याही गळ्यात तिने शिवलेला ताईत होता. त्याला पुरून ती परत येत होती, तेव्हा विहिरीवर शेजारची वितीना बायकांना सांगत होती, "स्वतःचं लेकरू राखता आलं नाही, आणि निघालीय गावाला दृष्टीपासून वाचवायला!"

गेरार्दा तशीच घरी गेली. पण ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं.

चार वर्षांनी वितीनाला मुलगा झाला, कानियो. ताईत मागायला ती खाली मान घालून आली. "ताई, तुझ्याच हातचा हवा गं."

"बस बाहेर. देते," गेरार्दा म्हणाली.

दार लावून तिने मिठाकडे हात नेला, आणि तो तिथेच थबकला. कोपऱ्यात कोंबड्यांचा भुसा पडला होता. त्यातला चिमूटभर तिने पिशवीत कोंबला आणि घाईघाईने तोंड शिवून टाकलं. त्या दिवशी तिला चार घास जास्त गेले.

वसंत लागला आणि गावात गोवर आला. कानियो तीन दिवस डोळे उघडेना. गेरार्दाने खरा ताईत शिवला, शालीआड धरला आणि वितीनाच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आली. दुसरा ताईत कशाला, असं वितीनाने विचारलं तर काय सांगायचं? दोन्ही वेळा ती तशीच मागे फिरली. पोरापेक्षा तिला आपल्या नावाची भीती जास्त वाटली.

पोर वाचलं. चौथ्या दिवशी वितीना त्याला कडेवर घेऊन आली. दुसऱ्या हातात ताजं चीज. आल्या आल्या तिने गेरार्दाचे हात ओठांना लावले.

"तुझ्या ताईताने ओढून आणला गं याला. आणि मी त्या दिवशी विहिरीवर काय काय बोलले! जीभ झडायला हवी होती माझी."

गेरार्दाने हात ओढून घेतले. "भुसा आहे त्यात."

"काय?"

"कोंबड्यांचा भुसा. मीठ नाही, पान नाही. मुद्दाम भरला मी."

वितीनाने पोराच्या गळ्यातला ताईत काढला, दातांनी दोरा तोडला. भुसा तळहातावर सांडला.

"तीन दिवस मी हा याच्या छातीवर दाबून धरला होता, ताई."

"मार मला. गावाला ओरडून सांग."

"मारून काय मिळणार मला? बस खाली. दार उघडं ठेव आणि माझ्यासमोर नवा शीव."

खरा ताईत अजून पेटीत पडला होता. पण तो काढून दाखवायचंही गेरार्दाला धाडस झालं नाही. ती शिवायला बसली. दोनदा सुई बोटात गेली. वितीना एकेक दाणा मोजून बघत होती. नवा ताईत घेऊन ती निघून गेली. चीज टेबलावरच राहिलं. ते तिने परत नेलं असतं, तर गेरार्दाला जरा हलकं वाटलं असतं.

वितीनाने गावात अवाक्षर काढलं नाही. गेरार्दानेच मग येणाऱ्या प्रत्येकीला सांगायला सुरुवात केली, "समोर बसा, डोळ्यांदेखत भरते." बायका बिचकल्या. "असं उघड्यावर भरलं की गुण जातो म्हणतात," असं पुटपुटत एकेक जण पलीकडच्या गावातल्या म्हातारीकडे जाऊ लागली. गेरार्दाला असं अचानक काय झालं, हे कुणालाच कळलं नाही, आणि तिलाही ते सांगवलं नाही. वाटेत वितीना भेटली, की पूर्वीसारखीच "काय ताई?" म्हणायची. गेरार्दा मान वर न करता पुढे निघून जायची.