डावा कोपरा

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी रोह्याला, सासऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेलो असताना, तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. सामना पेण विरुद्ध रोहा असा होता. चढाईला आलेला रोह्याचा गडी म्हणजे माझा सख्खा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. आणि त्याचा पाय धरून त्याला मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे आपटलं होतं आमच्या पेणच्या डाव्या कोपऱ्यानं. माझं लहानपण पेणला गेलेलं, दुकान पेणला, घर रामवाडीत. शिट्टी आपोआप निघाली. निघाल्यावर लक्षात आलं की अख्ख्या त्या बाजूला शिट्टी मारणारा मी एकटाच आहे आणि उभाही एकटाच आहे.

सासऱ्यांनी माझा सदरा मागून हळूच ओढला. "जावईबापू, बसा खाली. मागच्यांना दिसत नाय." मग थोड्या वेळानं, समोरच बघत, "आणि मला बी बघवत नाय."

संध्याकाळी पंगतीत सगळ्यांच्या ताटात तळलेली सुरमई आणि माझ्या ताटात वरणभात. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या पेणची मासळी मोठी नामी म्हणतात. आमची कुठं रुचायची तुम्हाला!" मेव्हणा शेजारीच बसला होता, कोपर सोललेलं, हळद लावलेली. त्यानं आपल्या ताटातला एक तुकडा माझ्या भाताखाली सरकवला आणि कानाशी येऊन म्हणाला, "भावोजी, पकड झकास होती. बघणाऱ्यांत असतो तर मीही शिट्टी मारली असती."

हे सांगायचं कारण, वैर म्हणजे काय असतं ते मला त्या ताटात पहिल्यांदा दिसलं. आजकाल कुठल्याही दोन संघांचा सामना असला की जाहिरातवाले त्याला हाडवैर म्हणतात. दोघांत आधी काही झालेलंच नसतं, वैर कुठून येणार? आमच्या पेण-रोह्याचं वैर बनायला कित्येक उन्हाळे लागले. मोडायला एक लागला.

रोह्याचा संघ कंपनीचा होता. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या मालकाला कबड्डीचा शौक. चांगले खेळणारे तो कामावर घ्यायचा. सकाळी शिफ्टला हजेरी, दुपारनंतर सराव. पण घेतलेले सगळे हंगामी. कायम कोणीच नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी सगळ्यांच्या जिवाला घोर, पुढच्या वर्षी बोलावतील का. माझा मेव्हणा त्यातलाच. चढाईला त्याच्यासारखा गडी जिल्ह्यात नव्हता, असं रोहेकर म्हणायचे. पेणकरही म्हणायचे, फक्त रोहेकरांसमोर नाही.

आमच्या पेणच्या संघाला मालक नव्हता. खाडीकाठच्या गावांतली पोरं, मिठागरावर काम करणारी, दोघं-तिघं हमरापूर-जोह्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांतली. त्या कारखान्यांना रंग पुरवण्याचं माझं दुकान, म्हणून माझी ओळख. संघात माझं स्थान काय, तर मैदानाला फक्की मारायला चुना मी फुकट द्यायचो. एवढ्या भांडवलावर मी पुढची कित्येक वर्षं 'आपला संघ' म्हणत होतो.

त्या संघाचा डावा कोपरा म्हणजे एका मिठागर कामगाराचा मुलगा. उंचीनं बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. लहानपणापासून मिठागराच्या चिखलात पायांनी जमीन तुडवलेली, त्यामुळे पिंढऱ्या अशा की खांब रोवावेत. चढाईवाला जवळ आला की हा मागं सरायचा, मागं सरायचा, आता रेषेबाहेर जाणार असं वाटायचं, आणि समोरच्याचा पाय जमिनीवर टेकायच्या आत घोटा धरायचा. कोपऱ्यानं घोटा धरला की मगच बाकीचे अंगावर पडणार. आधी पडून उपयोग नाही. सगळी पकड त्या एका हातावर.

माझ्या मेव्हण्याला त्यानं किती वेळा आपटलं याचा हिशोब कुणी ठेवला नाही, आणि मेव्हणा किती वेळा त्याला चकवून गेला याचाही नाही. पण रोह्याला सासरी गेलो की परसात दिसायचं. मेव्हण्यानं डाव्या बाजूला एक बांबू पुरून ठेवला होता आणि रोज त्या बांबूपाशी जाऊन पाय सोडवून परतायचा सराव करायचा. सासूबाई त्या बांबूला आमच्या कोपऱ्याच्या नावानं हाक मारायच्या. "त्याच्यावर टॉवेल टाक रे वाळत," म्हणायच्या. आणि इकडे पेणला हा गडी हंगाम जवळ आला की दुकानात येऊन मला विचारायचा, "शेठ, तुमचा मेव्हणा यंदा कुठच्या पायानं येतो वो?" मी सांगायचो, "मला काय माहीत." खरंच माहीत नसायचं. पण तोंड असं करायचो की जणू माहीत आहे आणि धर्मसंकटात सापडलोय.

एक रीत होती. कुणी घातली कोण जाणे. सामना ज्यांच्या गावी, त्यांनी पाहुण्या संघाला जेवू घालायचं, आणि ज्यानं ज्याला सगळ्यात जास्त वेळा धरलं त्यानं त्याला आपल्या घरी न्यायचं. त्यामुळे पेणला सामना असला की मेव्हण्याचं जेवण ठरलेलं असायचं, खाडीकाठी, डाव्या कोपऱ्याच्या घरी. जिताडा माशाचं कालवण, त्यातलं डोकं मेव्हण्याला. मी आणि बायको पाहुण्याचे पाहुणे. त्या गड्याची आई पदर खोचून वाढायची आणि म्हणायची, "खा रं बाला, माज्या पोरानं लय आपटलाय तुला." मग माझ्या बायकोकडे वळून, "तुजा भाऊस सुटला ना गो, की आमचा दोन दिस जेवत नाय." ते दोघं एकमेकांशी फारसे बोलायचे नाहीत. एकदा मात्र मेव्हणा जेवता जेवता म्हणाला, "माझा उजवा पाय उचलायच्या आधी तुला कळतं. कसं रे?" तो म्हणाला, "तुजी मान हलते." पुढच्या वर्षी मेव्हण्याची मान हलली नाही. चार वेळा सुटून गेला. आणि हा पठ्ठ्या खूश! तेव्हा मला हे अजब वाटलं होतं. आपलं गुपित आपणच सांगायचं आणि वर आनंद मानायचा. माझ्या धंद्यात असं कुणी करत नाही.

मग मिठागरं एकेक करून बंद पडायला लागली. खाडीचं पाणी बांध फोडून आत यायचं, मालक लक्ष देईनात. डाव्या कोपऱ्याच्या घरी वडील खोकल्यानं अंथरुणाला खिळलेले. रोह्याच्या मालकानं निरोप पाठवला, आमच्याकडून खेळ, कामावर घेतो. गावानं त्याला पारावर बसवून समजावलं, पेण विकतोस का म्हणून. मीही गेलो होतो समजवायला. मी म्हणालो, "अरे, मातीची काही लाज?" त्यानं शांतपणे विचारलं, "शेठ, तुमच्या दुकानात कामाला ठेवता?" मी चुन्याविषयी काहीतरी बोललो आणि उठलो.

तर एका उन्हाळ्यात डावा कोपरा आणि माझा मेव्हणा एकाच रंगाच्या बनियनमध्ये दिसले. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. सासर आणि माहेर एक झालं अशी माझी भाबडी समजूत. आता हरायला कुणी उरलं नाही, शिट्टी कुठंही मारावी! बायकोलाही बरं वाटलं. मेव्हण्यानं परसातला बांबू उपटला आणि सासूबाईंनी तो मांडवाला वापरला.

पहिले काही सामने हे दोघं असे खेळले की बघणाऱ्याचं भान हरपावं. यानं धरावं, त्यानं मारून यावं. पण मेव्हणा पुढं पुढं मंद होत गेला. सरावाला समोर रोज तोच, आणि आपल्याच गड्याला कोण जीव तोडून चुकवतो? एकमेकांच्या घरी जेवणं बंद झाली. रीतच संपली होती. एका संघातला दुसऱ्याला धरतच नाही.

मग मालकानं जाहीर केलं की संघातल्या एकाला कायम करणार. एकालाच. नावं दोनच उरली, ही दोन. पेणच्या स्पर्धेतला शेवटचा सामना मालकाच्या वतीनं कारखान्याचे साहेब येऊन बघणार आणि त्यावर ठरवणार, असं सगळ्यांना ठाऊक झालं. मेव्हण्याचं लग्न ठरलं होतं, मुलीकडच्यांची अट एकच, नोकरी कायम हवी. आणि दुसऱ्याच्या घरची परिस्थिती मी वर सांगितलीच.

सामना अलिबागकडच्या एका संघाशी. दुपार टळलेली, ऊन तिरपं. मैदान आमचं, चुना माझा. साहेब पुढं कोचावर, हातात सरबत. पेणकरांची पंचाईत, पोरगा आपला आणि बनियन रोह्याचं. माझ्या मागचे एक म्हातारबाबा सारखे ओरडत होते, "अरे, टाळ्या कोणासाठी वाजवायच्या ते आधी ठरवा, मग नारळ फोडा!"

पूर्वार्धात रोह्यानं भक्कम आघाडी घेतली. उत्तरार्ध सुरू झाला आणि मेव्हणा पहिल्याच चढाईत बाद झाला. बाद झालेला गडी बाहेर बसतो, आणि आपल्या संघानं कुणाला बाद केलं की आत येतो. बाहेर तो एकटाच होता. म्हणजे रोह्याला एक गुण मिळायचा अवकाश, मेव्हणा आत. आघाडी मोठी असल्यानं रोह्याचे चढाईवाले नुसते जाऊन, रेषा शिवून, हात हलवत परत येत होते. तेव्हा गुण मिळणार तो पकडीचाच. आणि पकड म्हणजे डावा कोपरा.

अलिबागचा एक गडी आला. डाव्या कोपऱ्याच्या अंगावर गेला. हा मागं सरला, मागं सरला, वाकला. घोटा वीतभर अंतरावर होता. हात पुढं गेला आणि तिथंच राहिला. गडी बोनस घेऊन परत गेला.

म्हातारबाबा म्हणाले, "वय झालं काय रं त्याचं?"

दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा तर तो गडी घसरला, गुडघ्यावर आला, माझ्यासारख्यानंही धरला असता. कोपरा सरळ उभा राहिला. जे कबड्डी जाणत होते त्या सगळ्यांना हे मुद्दाम आहे ते कळलं, आणि आमच्याकडे न जाणणारा कोण आहे? फक्त कोचावरचे साहेब सरबताचा ग्लास कुठं ठेवावा ते बघत होते. मेव्हणा बाहेर रेषेपाशी उकिडवा बसलेला. आधी तो ओरडत होता, "धर! धर रे!" तिसऱ्या वेळेनंतर ओरडायचा थांबला. त्यानं नुसतं कोपऱ्याकडे बघितलं. कोपऱ्यानं मात्र मान वळवली नाही.

शिट्टी झाली. रोहा जिंकलं. हरल्याचं दुःख वाटण्याचीही सोय राहिली नाही. साहेबांनी पाठ थोपटली ती शेवटपर्यंत मैदानात राहिलेल्याची. महिन्याभरात तो कायम झाला. मेव्हण्याला पुढच्या हंगामात बोलावणंच आलं नाही, आणि त्याच्या पुढच्या हंगामात मालकाचा शौक फिटला, संघच बंद झाला. मुलीकडच्यांनी दुसरं स्थळ बघितलं. मेव्हणा पुढं एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे लागला. कबड्डीचा विषय निघाला की उठून जातो.

त्या सामन्यानंतर काही दिवसांनी डावा कोपरा दुकानात आला. काही घ्यायचं नव्हतं. फळीवरचे डबे बघत उभा राहिला. मी विचारलंच, "का रे नाही धरलास?"

"पाय घसरला."

"तीनदा?"

त्यानं फळीवरचा एक डबा सरळ केला. मग म्हणाला, "जागा एक व्हती, शेठ. तुम्ही उठला असतात?"

पेण-रोहा एसटीत मी आजवर खिडकीची जागासुद्धा कुणाला दिलेली नाही. तो गेला. माझ्या मनात आलं, हे दोघं समोरासमोर होते तेव्हा एकाला दुसरा लागत होता. दुसरा चांगला खेळला तरच ह्याच्या पकडीला किंमत. मधे चुन्याची एक रेघ होती म्हणून सगळं स्वच्छ होतं. एका बाजूला आणून बसवलं, आणि दुसरा नुसता अडचण झाला.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती त्या दिवशी बायकांत उभी होती, तिन्ही वेळा तिनं बघितलं होतं. मी सावरून घ्यायला म्हणालो, "त्याचंही घर आहे गं. बाप आजारी."

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं नाही.

"व्हय, त्याचंही घर हाय," ती म्हणाली. "पण भावाला आपटायचा तेव्हा बरा होता. हात तरी लावायचा."